साता समुद्रांपलीकडे नेलेली फिर्याद

(बोरी येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



फिर्याद हा शब्द तुम्हाला नवा नाही. शेजाऱ्यानं बांध कोरला, की माणूस फिर्याद करतो. गुरं उभ्या पिकात शिरली, की फिर्याद करतो. आधी गावातल्या चार शहाण्या माणसांकडे जातो. तिथं भागलं नाही, तर जिंतूरला जातो. तिथंही भागलं नाही, तर परभणीचं कोर्ट आहेच.

पण समजा, फिर्याद अख्ख्या गावाविरुद्धच असली तर? ज्यांनी न्याय द्यायचा, त्यांनीच विहिरीचं पाणी बंद केलं असेल तर? मग ती फिर्याद घेऊन माणसानं जायचं कुठं?

आज मी तुम्हाला एका माणसाची हकिकत सांगणार आहे. त्या माणसानं गावच्या विहिरीची फिर्याद साता समुद्रांपलीकडे नेली. लंडनला इंग्लंडच्या मुख्य प्रधानापुढे ती मांडली. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या जयंतीची मिरवणूक आपण दरसाल बघतो. पण ते परदेशी का गेले, तिथं त्यांनी काय पाहिलं आणि परत आल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मात्र त्याआधी दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. अशी फिर्याद घेऊन समुद्र ओलांडणारा तो बाबासाहेबांच्याही आधीचा.

अमेरिका देशात पूर्वी गुलामगिरी होती. गुलामगिरी म्हणजे काय? आपल्याकडे बैलबाजार भरतो ना, तसा तिथं माणसांचा बाजार भरे. आफ्रिकेतून काळ्या माणसांना जहाजात कोंबून आणत. दात बघून, दंड दाबून त्यांची किंमत ठरवत. विकत घेणारा तो मालक. गुलामाचं लेकरूही मालकाचंच. आई एका गावी विकली जाई, लेकरू दुसऱ्या गावी.

अशाच एका गुलाम बाईच्या पोटी १८१८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. फ्रेडरिक डग्लस हे नाव त्यानं पुढे घेतलं. आपला जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला, हे त्याला जन्मभर कळलं नाही. गुलामाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? लहानपणी तो ज्या घरी कामाला होता, तिथली मालकीण जरा मायाळू होती. तिनं त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. मालकाला हे कळलं, तसा तो बायकोवर खवळला. गुलामाला वाचायला आलं की तो गुलाम म्हणून राहत नाही, असं त्याचं म्हणणं. धडे बंद झाले.

पण मालकाचं ते बोलणं पोरानं नीट ऐकलं होतं. वाचायला आलं की गुलाम सुटतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं! मग त्यानं काय करावं? घरातली भाकरी खिशात घालून तो बाहेर जाई. रस्त्यावर गरिबांची गोरी पोरं खेळत. ती शाळेत जात, पण त्यांच्या पोटात भूक असे. हा त्यांना भाकरी देई आणि ती पोरं याला अक्षरं सांगत. असा तो वाचायला शिकला. आपल्या वर्गात कंदील घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत. दिवसभर निंदून, खुरपून आलेल्या बायका पेंगत पेंगत पाटी गिरवताना पाहिल्या आहेत. अक्षराला भाकरीचं मोल असतं, हे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

१८३८ साली डग्लस पळाला. खलाशाचे कपडे अंगावर चढवले, दुसऱ्याचे कागद खिशात घातले आणि आगगाडीत बसून गुलामगिरी नसलेल्या मुलखात गेला. पुढं गुलामगिरी मोडा म्हणून तो सभांतून बोलू लागला. लोक म्हणत, इतकं चांगलं बोलणारा हा गुलाम कसा असेल? म्हणून त्यानं १८४५ साली आपली सगळी हकिकत पुस्तकात लिहिली, मालकाच्या नावानिशी. आता पंचाईत झाली. मालकाला पत्ता लागला तर तो कायद्यानं याला पकडून नेऊ शकत होता. मग मित्रांनी त्याला इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसवलं.

त्या बोटीतही त्याला चांगल्या खोलीत जागा मिळाली नाही. काळा म्हणून खालच्या दर्जात बसावं लागलं. बोटीवर तो बोलायला उभा राहिला, तेव्हा काही गोऱ्यांनी त्याला समुद्रात फेकून देण्याची धमकी दिली. कप्तान खमक्या होता. दंगा करणाऱ्यांना बेड्या ठोकीन, असं त्यानं बजावलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले.

डग्लस आयर्लंडला गेला. तिथं चार महिने राहिला. मग स्कॉटलंड, इंग्लंड असा जवळजवळ पावणेदोन वर्षं हिंडला. गावोगाव सभा झाल्या. तिथं तो खाणावळीत गेला, तर कोणी उठवलं नाही. देवळात गेला, तर कोणी हाकललं नाही. आपल्याला इथं कातडीवरून नव्हे तर माणूस म्हणून वागवतात, असं त्यानं तिकडून पत्रात लिहिलं. तिथल्या लोकांनी वर्गणी काढली. मालकाला दीडशे पौंड दिले आणि १८४६ च्या अखेरीस त्याची कायद्यानं सुटका केली. माणसाला सोडवायला पैसे मोजायचे, म्हणजे माणूस विकता येतो हे कबूल करायचं, असंही तेव्हा काही जण म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी डग्लसच्या जागी असतो, तर पैसे देणाऱ्यांचे पाय धरले असते.

१८४७ साली तो मायदेशी परत निघाला. बोट तीच. तिकिटाचे पैसे पुरते भरलेले. तरी पुन्हा खोली नाकारली! ही गोष्ट ध्यानात ठेवा. तशीच एक गोष्ट पुढं आपल्या देशात घडणार आहे. परत गेल्यावर डग्लसनं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. त्याचं नाव ठेवलं ध्रुवतारा. पळून जाणारे गुलाम रात्री ध्रुवताऱ्याकडे बघून वाट शोधत, म्हणून.

अमेरिकेत त्या प्रश्नावरून यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली.

ही बातमी आपल्या महाराष्ट्रात कोणी मनावर घेतली असेल? पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी. जोतीरावांनी समुद्र ओलांडला नाही. पण त्यांनी पुस्तकं वाचली होती. माणसाच्या हक्कांविषयी थॉमस पेन नावाच्या लेखकाचं पुस्तक त्यांनी १८४७ साली वाचलं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथं शिकवायला जात, आणि रस्त्यात लोक त्यांच्या अंगावर शेण फेकत. १८७३ साली जोतीरावांनी एक पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं ‘गुलामगिरी’. ते त्यांनी कोणाला अर्पण केलं? अमेरिकेतल्या भल्या लोकांना. ज्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडण्यासाठी झीज सोसली, त्यांना. त्यांचा कित्ता आपल्या लोकांनी गिरवावा, अशी इच्छाही तिथं लिहून ठेवली. पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेतली गुलामी आणि इथली शूद्र-अतिशूद्रांची गुलामी एका दोरीला बांधली. बाबासाहेब पुढं बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना आपले गुरू म्हणत.

आता बाबासाहेबांकडे येऊ.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. वडील रामजी सुभेदार पलटणीत होते. सातारच्या शाळेत भीमराव बसायला घरून गोणपाट नेई आणि वर्गात वेगळा बसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई तोटी सोडील, तेव्हाच प्यायचं. शिपाई नसला, तर त्या दिवशी पाणी नाही. आपल्याकडंही असं होतं. माझ्या लहानपणी मी ओंजळ धरून उभी असलेली माणसं पाहिली आहेत. वरून धार सोडणारा हात आणि खाली धरलेली ओंजळ यांत वीतभर अंतर असे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमरावांना शिष्यवृत्ती दिली. शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्यासाठी मिळणारी मदत. दर महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट एकच. परत येऊन दहा वर्षं बडोद्यात नोकरी करायची. भीमराव न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले.

तिथं त्यांनी काय पाहिलं? पहिली गोष्ट म्हणजे कोणी जात विचारली नाही. नळाचं पाणी हवं तेव्हा प्यायलं. नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर एका वसतिगृहात राहिले. बावीस वर्षांच्या आयुष्यात असा मोकळेपणा त्यांना ठाऊक नव्हता. दुसरी गोष्टही होती. गुलामगिरी जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. तरी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांचे आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या. कायदा झाला, पण माणसांच्या मनातून जुनं गेलं नव्हतं.

बाबासाहेबांनी पुढं गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. विकत घेतलेल्या बैलाला मालक वैरण घालतो, कारण त्यात त्याचा पैसा अडकलेला असतो. गुलामाचंही तसंच. मालक त्याला निदान उपाशी मरू देत नसे. अस्पृश्याच्या पोटाची काळजी मात्र कोणालाच नव्हती. काम सगळ्या गावाचं करायचं आणि पोट आपलं आपण बघायचं. शिवाय गुलामाला आपल्या पायातली बेडी दिसते. धर्माच्या नावानं घातलेली बेडी दिसत नाही. ती घालणाऱ्याला पाप वाटत नाही, आणि ज्याला घातली तो ती नशीब समजतो.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खाण्यापिण्यातून पैसे वाचवून जुनी पुस्तकं घेतली. थोडीथोडकी नव्हे, ढिगानं. तिथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट वेगळी होती. ती शत्रूनं बुडवली आणि पुस्तकांचा मोठा भाग समुद्राच्या तळाशी गेला.

आता ऐका, बडोद्यात काय झालं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दोन देशांत शिकून आलेला, इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा हा माणूस नोकरीवर रुजू व्हायला गेला, तर राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. भाडं रोजचं दीड रुपया. वर एक काळोखी मोठी खोली होती. भंगारानं भरलेली. दिवसा कचेरीत जायचं आणि रात्री मिणमिणत्या कंदिलापाशी वाचत बसायचं. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले. “कोण आहेस तू? धर्मशाळा बाटवलीस.” आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, म्हणाले.

भीमराव दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्हाला घरी ठेवलं तर आमचे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, बायकोला विचारतो. विचारायचं कशाला, ते दोघांनाही समजलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवर ते कामाठी बागेत जाऊन बसले. पुढं अठरा वर्षांनी ही हकिकत लिहितानाही डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असं ते सांगतात.

ज्या लहानशा पुस्तकात ही हकिकत आहे, त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘व्हिसाची वाट पाहताना’. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. अमेरिकेनं या माणसाला आत घेतलं. इंग्लंडनं घेतलं. परवाना हवा होता तो आपल्याच देशात शिरायचा.

डग्लसच्या परतीच्या बोटीची गोष्ट ध्यानात ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी.

पण बाबासाहेब खचले नाहीत. मुंबईत कॉलेजात शिकवलं, पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. त्या भथेना मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथं अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले. बॅरिस्टर झाले. अर्थशास्त्रातली मोठी पदवी मिळवून १९२३ साली परत आले.

इथं बायाबापड्यांनी रमाबाईंची आठवण ठेवावी. नवरा परदेशात होता, तेव्हा मुंबईच्या चाळीत त्यांनी हलाखीत संसार रेटला. लेकरं पोटात वाढवली आणि त्यांतली चार डोळ्यांदेखत गेली. १९३५ साली त्या वारल्या. पुस्तकांत त्यांच्यासाठी चार ओळी असतात. जास्त असायला हव्या होत्या.

परत आल्यावर बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, आणि लोकांतही उभे राहिले. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र बंदी. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच होता. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागून सगळ्यांनी घेतलं. नंतर गावात मारहाण झाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली. तिथं त्यांनी कशाची आठवण काढली? फ्रान्स देशात १७८९ साली लोकांनी सभा भरवून सर्व माणसं समान असल्याचा जाहीरनामा काढला होता, त्याची. कोकणातल्या एका तळ्याचं भांडण त्यांनी सगळ्या जगाच्या भांडणाशी जोडलं. हे जोडणं त्यांनी परदेशातून आणलं होतं. तळ्याचा खटला मग दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला.

आता लंडनची गोलमेज परिषद. १९३० साली हिंदुस्थानच्या पुढच्या राज्यकारभाराचा विचार करायला इंग्रज सरकारनं ही परिषद बोलावली. राजेरजवाडे, नबाब, मोठे वकील, सगळे गेले. अस्पृश्यांच्या वतीनं दोनच माणसं होती. एक बाबासाहेब आणि दुसरे मद्रासकडचे रेट्टमलै श्रीनिवासन. बादशहा पंचम जॉर्ज यांनी परिषद उघडली. मुख्य प्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड अध्यक्ष होते.

२० नोव्हेंबर १९३० ला बाबासाहेब बोलायला उभे राहिले. अनेकांना वाटलं, हा माणूस सरकारची स्तुती करील. झालं उलटंच. त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर विचारलं. तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. आता भरता येतं का? तुम्ही येण्याआधी आम्हाला देवळात जाता येत नव्हतं. आता जाता येतं का? तुम्ही येण्याआधी आम्हाला पोलिसात घेत नव्हते. आता घेतात का? प्रत्येक सवालाला जवाब एकच होता. नाही! दीडशे वर्षं राज्य करून तुम्ही आमच्या जखमा तशाच ठेवल्यात. मग आम्हाला तुमचं राज्य कशाला? लोकांचं राज्य हवं, आणि त्यात आमचा वाटा हवा.

गावच्या विहिरीचा प्रश्न साम्राज्याच्या राजधानीत असा उघड मांडला गेला. माणसाचे मूलभूत हक्क कोणते आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा काय, याचा लेखी मसुदाही त्यांनी तिथं दिला. पुढं दुसऱ्या परिषदेत महात्मा गांधी आणि त्यांच्यात मतभेद झाले. १९३२ साली येरवड्याला करार झाला. तो विषय मोठा आहे. त्याला एक दिवस वेगळा लागेल. आज त्यात शिरत नाही.

मी तुम्हाला लंडनहून एकदम आपल्या मराठवाड्यात आणतो. साल १९३४. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य. बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचा हौद. प्रवासानं अंग धुळीनं माखलेलं. मंडळींनी हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, यांनी हौद बाटवला! माणसं जमली, शिव्या सुरू झाल्या, मारामारीवर पाळी आली. शेवटी किल्ला बघायला परवानगी मिळाली, पण एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. कशाला? या लोकांनी आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून.

चार वर्षांपूर्वी बादशहाच्या परिषदेत बसलेला हा माणूस. आणि दौलताबादेत त्याच्यामागं बंदूकवाला शिपाई, पाणी राखायला! म्हातारा मुसलमान होता, बडोद्याचे लोक पारशी होते, महाडचे लोक हिंदू होते. बाबासाहेबांनी लिहून ठेवलं, की हिंदूला जो अस्पृश्य, तो इथं इतरांनाही अस्पृश्यच. रोग एका घरापुरता राहिला नव्हता.

१९४६ साली त्यांनी अमेरिकेला एक पत्र लिहिलं. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस हे तिथले काळ्या लोकांचे मोठे विद्वान पुढारी. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपली फिर्याद संयुक्त राष्ट्रसंघापुढं नेली होती. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे सगळ्या देशांची मिळून पंचायत. बाबासाहेबांनी त्या अर्जाची प्रत मागितली. आमची आणि तुमची स्थिती इतकी सारखी आहे, की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला केलाच पाहिजे, असं त्यांनी कळवलं. द्यू बॉइस यांनी आनंदानं उत्तर दिलं, की तुमच्या लोकांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली होती. त्यानंतर ७३ वर्षांनी हा पत्रव्यवहार झाला.

मग १९४८ साल आलं. सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. दिल्लीत घटना लिहिण्याचं काम चालू होतं आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीनं एक कलम मंजूर केलं. आजच्या घटनेत ते १७ वं कलम आहे. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे, असा त्याचा आशय. त्यानंतर अकराच दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस शहरात जगातल्या देशांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं त्यात लिहिलं. त्याच्या मसुद्यात आधी इंग्रजीत असा शब्द होता, की त्याचा अर्थ ‘सर्व पुरुष’ असाही होई. तो बदलून घेतला आपल्या देशातल्या हंसाबेन मेहता यांनी. बायांनो, तुम्ही त्या जाहीरनाम्यात आहात, त्या एका बाईच्या हट्टामुळे.

घटनेचं २३ वं कलमही माहीत असू द्या. वेठबिगार, म्हणजे जबरीनं राबवून घेणं, त्यानं बंद केलं. १९७६ साली त्यासाठी वेगळा कायदाही झाला. आपल्याकडून ऊसतोडीला जाणारे लोक मुकादमाकडून उचल घेतात. उचल फिटली नाही, तर काहींना दम दिला जातो, कोंडून ठेवलं जातं. कर्ज हे कर्ज आहे. त्यापायी माणूस कोंडून ठेवायचा अधिकार कोणालाही नाही.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेचं उदाहरण सांगितलंच. घटना लागू झाल्यावर बावीस वर्षांनी, १९७२ च्या सुमारास, बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ अशी मोहीम काढली. गावोगाव फिरून बघितलं, तर कितीतरी गावांत पाणवठे वेगळेच होते. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, तर आपल्या मराठवाड्यात गरिबांची घरं जळाली. माणसं मेली. नाव लागायला १९९४ साल उजाडलं. तेव्हा ‘नामविस्तार’ असा शब्द काढून दोन्ही नावं एकत्र ठेवली. हे आपल्याच भागात झालं. ते पोरांना सांगताना मान खाली जाते, पण सांगितलं पाहिजे.

बाबासाहेबांनी मराठवाड्यासाठी आणखी एक काम केलं. आपला भाग शिक्षणात मागे, हे त्यांना दिसत होतं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण घ्यायचं, तर पोरांना हैदराबाद गाठावं लागे. १९५० साली, दिल्लीत मंत्री असताना, त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. पुढं त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. इमारत कशी असावी, झाडं कुठं लावावीत, इथपर्यंत ते स्वतः लक्ष घालत. परभणी, नांदेड, बीडकडची खेड्यातली पोरं तिथं पत्र्याची ट्रंक आणि घोंगडी घेऊन गेली. त्यांत सगळ्या जातींची पोरं होती. कोणी मास्तर झालं, कोणी वकील, कोणी लेखक. ज्या हौदावर शिपाई उभा केला होता, तो दौलताबादचा किल्ला त्या कॉलेजापासून चार-पाच कोसांवर आहे.